वाफ्यात पाणी दरवर्षी तुंबतंय? फावडं उचलण्याआधी तपासणीच्या नळीत बघा

पावसाचं पाणी जिरवायला सोसायट्यांत केलेल्या वाफ्यांची तक्रार सगळीकडून जवळपास एकाच शब्दांत येते. मृगाच्या पहिल्या सरी छान जिरल्या, आषाढात पाणी दिवसभर थांबायला लागलं, श्रावणात तर तीन-तीन दिवस हलायला तयार नाही. सोसायटीचा वॉचमन सांगतो, "पानी जिरत नही, भाऊ." मग माळी वरची माती खरवडतो, महिनाभर बरं चालतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दोन-तीन वर्षं असं गेलं की कमिटीत कुणीतरी म्हणतं, बुजवून टाका आणि वर पेव्हर बसवा. जळगाव, भुसावळ, धुळे, कुठेही जा, चांगले वाफे असेच बंद पडतात. वाईट वाटतं, कारण यातले बहुतेक थोड्या मेहनतीत पुन्हा चालू होण्यासारखे असतात.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: बायोरिटेन्शन सेल म्हणजे गच्चीचं, पार्किंगचं, अंगणाचं पावसाचं पाणी जिथे वळवतात तो खोलगट वाफा. वर झाडं आणि आच्छादन, त्याखाली दोन-तीन फूट वाळूचं मिश्रण, त्याखाली बारीक खडी, मग जाड खडी आणि खडीत छिद्रांचा पाइप. मिश्रणातून गाळलेलं पाणी काही जमिनीत मुरतं, उरलेलं पाइपातून बाहेर पडतं. फार मोठा पाऊस झाला तर वरचं जादा पाणी जाळीच्या सांडव्यातून निघून जातं. एक उभी नळी वरपासून तळाच्या खडीपर्यंत गेलेली असते, ती तपासणीची. या लिखाणाचा निम्मा भार त्या नळीवर आहे.

आधी हे ठरवा की वाफा खरंच तुंबलाय का. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास, पण तो थोड्याच दिवसांत दणकून पडतो. समजा पार्किंग ६०० चौरस मीटर आहे आणि तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस झाला. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, या हिशेबाने १५,००० लिटर पाणी. त्यातलं साधारण नव्वद टक्के वाहत वाफ्याकडे येतं. वाफा ३० चौरस मीटरचा आणि वर २० सेंटिमीटर पाणी उभं राहायची जागा, म्हणजे ६,००० लिटर. मिश्रणाच्या पोकळ्यांत आणखी चार-साडेचार हजार लिटर मावेल. उरलेलं तेवढ्या वेळात खाली जाईल किंवा सांडव्यावरून निघेल. तेव्हा पावसानंतर वाफा भरलेला दिसणं हे त्याचं कामच आहे. २४ तासांत रिकामा झाला तर उत्तम, ४८ तास लागले तरी चालतील. त्यापुढे पाणी दिसलं तर मात्र दुखणं आहे असं धरा.

डासांची भीती लोक फार घालतात, म्हणून तेही सांगतो. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत सात-दहा दिवस लागतात. दोन दिवसांत रिकामा होणारा वाफा डास वाढवत नाही. तळमजल्यावरच्या कुंड्यांखालच्या बशा आधी उलट्या करा.

आता नळी.

पाऊस थांबून दिवस उलटलाय, वाफ्यात अजून वीतभर पाणी आहे. नळीचं झाकण काढा, आत काठी किंवा दोरीला बांधलेला नट सोडा आणि खाली पाणी किती आहे ते बघा. नळी कोरडी किंवा जवळपास कोरडी, आणि वर तळं, म्हणजे खालचा सगळा भाग मोकळा आहे आणि बूच वरच्या दोन-तीन इंचांत बसलंय. नळीतलं पाणी वरच्या पाण्याच्या बरोबरीने उभं असेल तर वरून पाणी नीट उतरतंय, पण तळातून बाहेर पडत नाही. दोन्हींचे इलाज पूर्ण वेगळे. पहिल्या प्रकारात पाइप धुवायला टँकर बोलावणं आणि दुसऱ्या प्रकारात वरची माती खरवडणं, दोन्ही पैसे पाण्यात. दर वर्षी तेच दुखणं परत येण्याचं मोठं कारण हेच आहे की नळीत कुणी बघतच नाही. नळी बांधलीच नसेल तर कोरड्या दिवसांत गोल फावड्याने खड्डा घेऊन दोन इंची पीव्हीसी पाइप तळाच्या खडीपर्यंत बसवा. खालच्या फूटभर भागाला छिद्रं पाडा, वर टोपी लावा, भोवतीची माती नीट दाबा म्हणजे पाणी पाइपाच्या कडेने खाली घसरणार नाही.

नळीत पाणी अधेमधे असेल, म्हणजे वरच्यापेक्षा बरंच खाली पण तळाला दोन फूट उभं, तर बहुतेक वेळा वरचं आणि खालचं अशी दोन्ही दुखणी एकत्र असतात. तेव्हा आधी खालचं सोडवा.

वरचं बूच

खान्देशात दहापैकी आठ वाफ्यांत हेच निघतं. खात्री करायची असेल तर पाणी गेल्यावर खुरप्याने एक उभा चौकोनी तुकडा कापून हातात घ्या. वरती पातळ राखाडी-काळी साय दिसेल, दोन-चार मिलिमीटरची, बोट फिरवलं तर गुळगुळीत, साबणासारखी. तिच्याखाली मिश्रण भुसभुशीत आणि कित्येकदा चक्क कोरडं. वर तीन दिवस पाणी आणि चार बोटं खाली कोरडी वाळू हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की अख्खा वाफा उकरायचा विचार आपोआप मागे पडतो.

ही साय आपल्या काळ्या मातीची आहे. चैत्र-वैशाखात वावटळी उठतात तेव्हा ती गच्चीवर, पत्र्यावर, पार्किंगवर बसते. शेजारच्या उघड्या प्लॉटवरून पहिल्या पावसात वाहत येते. गाड्यांच्या चाकांना लागून येते. तिचे सगळ्यात बारीक कण दोन मायक्रॉनच्या आतले असतात आणि स्थिर पाण्यातसुद्धा १० सेंटिमीटर खाली बसायला त्यांना साधारण आठ तास लागतात. वाळूचा कण तेवढंच अंतर काही सेकंदांत कापतो. म्हणून वाफ्याच्या तोंडाशी बांधलेला गाळखड्डा वाळू, पानं, प्लास्टिक अडवतो, पण काळं पाणी तसंच पुढे जातं. गाळखड्डा हवाच, त्याच्याकडून चिकणमाती अडवायची अपेक्षा मात्र ठेवू नका.

किती तुंबलंय हे मोजायचं असेल तर सहा इंची पाइपाचा फूटभर तुकडा मातीत १० सेंटिमीटर ठोका. एकदा पाणी भरून पूर्ण मुरू द्या, मग पुन्हा १० सेंटिमीटर भरा आणि तासाभराने पट्टी लावा. अडीच सेंटिमीटर किंवा जास्त उतरलं तर ठीक. एक सेंटिमीटरच्या आत असेल तर साय काढायची वेळ झाली. मग तीच मोजणी साय खरवडलेल्या जागेवर करून बघा. दोन आकड्यांतला फरक कमिटीसमोर ठेवायला फार उपयोगी पडतो.

साय काढायची ती कोरडी असताना. ओल्या वाफ्यात उतरून फावडं चालवलं तर तीच चिकणमाती पायांनी खाली दाबली जाते आणि पुढचं बूच चार इंच खोल बसतं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास ऊन इतकं असतं की साय तडकते, तिच्या खपल्या कडेने वर उचलतात आणि खराट्याने गोळा करता येतात. त्या दिवसांत तासाभराचं काम आहे. श्रावणात तेच काम दिवसभराचं आणि अर्धवट. आच्छादन बाजूला करा, खपल्या उचला, खाली काळसर झालेलं मिश्रण दिसेल तेवढं, साधारण दोन-तीन इंच, काढून टाका आणि मूळ मिश्रणाचाच नवा थर भरा. काढलेला गाळ वाफ्याच्या काठावर टाकू नका, पहिल्याच सरीत तो आत येतो. पार्किंगचा गाळ असेल तर त्यात तेल आणि टायरची झीज असते, भाजीच्या वाफ्यातही तो नको.

नव्या थराला नदीची वाळू हवीच असं नाही, पण वाळू धुतलेली हवी. काँक्रीटसाठी मिळणारी क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, प्रमाणित असली तरी तिच्यात ७५ मायक्रॉनच्या आतली दगडी भुकटी १५ टक्क्यांपर्यंत चालते. काँक्रीटला ते योग्य, वाफ्याला घातक. काचेच्या बरणीत मूठभर वाळू आणि पाणी घालून हलवा. मिनिटभरात वाळू बसेल. पाणी तासाभरानेही दुधाळ राहिलं तर ती वाळू धुवून घ्या किंवा परत पाठवा. साधारण तीन-चतुर्थांश वाळू, उरलेल्यात पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत आणि थोडी रेताड माती. शेतातली काळी माती पाटीभरसुद्धा नको.

इथे माळ्याबद्दल बोलायलाच हवं. आपल्याकडचा माळी मनापासून काम करतो आणि बाग म्हटलं की त्याला आळं करणं, पोयटा टाकणं, शेणखत देणं ठाऊक. सोसायटी त्याला वाफा दाखवून सांगते, ही बाग बघ. तो दर हंगामाला एक ट्रॉली पोयटा पसरतो आणि झाडं तरारतात. पाणी मात्र थांबतं. शिवाय शेणखतातलं नत्र-स्फुरद पावसात धुपून पाइपाने थेट नाल्यात जातं, म्हणजे पाणी स्वच्छ करायला बांधलेला वाफा ते घाण करतो. माळ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याबरोबर उभं राहून तो मातीचा तुकडा कापून दाखवा. ज्या ज्या माळ्याला दाखवला, त्याने नंतर पोयट्याची ट्रॉली स्वतःच दारातून परत पाठवली. इथे खत नाही, माती नाही, आळं नाही, एवढं एकदा कळलं की बाकीचं तो आपल्यापेक्षा चांगलं करतो.

दुसरी गोष्ट गणपतीतली. घरच्या बादलीत शाडूची मूर्ती विसर्जित करून ते पाणी झाडांना घालायची चांगली रीत आता रुजली आहे. पण शाडू म्हणजे निव्वळ बारीक चिकणमाती. अख्ख्या सोसायटीच्या बादल्या वाफ्यात रिकाम्या झाल्या की एका संध्याकाळीत साय तयार होते. आवारात दुसरं मोठं झाड असेल, निंब, करंज, काहीही, त्याच्या बुंध्याशी ते पाणी घाला. तसंच फरशी कापल्याचं पाणी, सिमेंटचं घमेलं धुतलेलं पाणी आणि वॉटर सॉफ्टनरचं मिठाचं पाणी यांचं. सिमेंट घट्ट बसतं. मिठातलं सोडियम चिकणमातीचे कण सुटे करतं आणि ते पोकळ्यांत जाऊन अडकतात.

खालचं बूच

नळीत पाणी भरलेलं असेल तर पहिल्यांदा बाहेर जा, पाइप जिथे संपतो तिथे. कित्येकदा गोष्ट तिथेच संपते. तोंडाशी प्लास्टिक, घुशीने लोटलेली माती, किंवा गटारीचं पाणीच पाइपाच्या वर. आपल्या गावांत रस्त्यावर रस्ता चढत जातो, गटार नव्याने उंच बांधली जाते आणि दहा वर्षांपूर्वी योग्य उंचीवर असलेलं पाइपाचं तोंड आता गटारीच्या पोटात असतं. तिथे वाफ्याचा काही दोष नाही. तोंड वर घ्यायला जागा नसेल तर शोषखड्ड्याकडे वळवा आणि उलट्या पाण्यासाठी झडप बसवा.

तोंड मोकळं असेल तर सफाईच्या नळीतून, म्हणजे पाइपाला जोडून वर आणलेल्या नळीतून, पाण्याचा जोर सोडा. झटक्याने काळं पाणी आणि मुळांचे झुबके बाहेर आले तर काम झालं. पुढे वाळा, बांबू किंवा कुठलंही मोठं झाड पाइपाच्या थेट वर ठेवू नका.

पाणी सोडूनही पाइपाच्या तोंडातून जेमतेम धार येत असेल तर संशय कापडावर घ्या. बरेच ठेकेदार मिश्रण आणि खडी यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं कापड, अंथरतात, काही जण पाइपालाही गुंडाळतात. दिसायला ते नीटनेटकं असतं, पण बारीक कण त्या कापडावरच साचतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत ते ताडपत्रीसारखं होतं. त्याला वरून काहीही इलाज नाही, उकरावंच लागतं. कापडाच्या जागी सहा ते दहा मिलिमीटरच्या धुतलेल्या बारीक खडीचा तीन-चार इंचांचा थर द्या. वरची वाळू त्यावर टिकते आणि पाणीही अडत नाही. बाजूच्या भिंतींना कापड राहू द्या, तिथे ते शेजारची काळी माती आत येऊ देत नाही.

आणि ज्या वाफ्याला पाइपच नाही? तो बांधला त्याच दिवशी बिघाड ठरलेला असतो, निदान काळ्या मातीत. कारण असं की जमिनीची चाचणी सहसा मे महिन्यात होते. तेव्हा माती हातभर खोल फाटलेली असते. खड्ड्यात टँकर रिकामा केला तरी भेगांतून पाणी गडप होतं आणि अहवालात लिहिलं जातं, जमीन उत्तम मुरते. जुलैत तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि ओल्या चिकणमातीतून तासाला काही मिलिमीटरच पाणी जातं. म्हणून चाचणी करायचीच तर खड्डा आधी दिवस-दोन दिवस पाण्याने भरलेला ठेवा, माती फुगू द्या, मग मोजा. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेर-चोपड्याच्या वरच्या अंगाला, गोटे-वाळूच्या जमिनी आहेत, तिथे पाइपाशिवाय भागतं. तापीकाठच्या काळ्या पट्ट्यात भागत नाही. आहे त्या वाफ्यात नंतर पाइप घालणं खर्चाचं आहे, पण एका कडेने चर खणून करता येतं.

गाळ येतो तिथे

इथपर्यंतचं सगळं करून गाळाची वाट बंद केली नाही तर पुढच्या श्रावणात पुन्हा भेटू. भर पावसात छत्री घेऊन वाफ्यापासून उलट चालत जा. पाणी कुठून काळं होतंय ते डोळ्यांना दिसतं. बहुतेक ठिकाणी एकच जागा असते: कंपाउंडजवळची उघडी पट्टी, शेजारचा मोकळा प्लॉट, नाहीतर गेटसमोरचा कच्चा रस्ता. उघड्या मातीवर हराळी लावा किंवा खडी पसरा. शेजारच्या प्लॉटच्या कडेला वीतभर उंच बांध घातला तरी पाणी दुसरीकडे वळतं, फक्त ते कुणाच्या ओट्यावर जाणार नाही हे बघा. आवारात बांधकाम चालू असेल तोवर वाफ्याचं तोंड वाळूच्या गोण्यांनी बंद ठेवा आणि पाणी सरळ गटारीला जाऊ द्या. एका पावसाळ्याचं पाणी वाया गेलं तरी चालेल, अख्खा वाफा वाचतो. गच्ची आणि पार्किंग मृगाआधी कोरडे झाडून धूळ गोणीत भरा. पाइप लावून धुतलंत तर ती सगळी धूळ तुम्हीच वाफ्यात नेऊन सोडाल.

हे कुणी करायचं, यावर सोसायट्या अडतात. धुळे जिल्ह्यात पांझरेकाठच्या फड बागायतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटून घ्यायच्या जुन्या पद्धतीत, पाटाचा गाळ काढणं हे पाणी घेणाऱ्या सगळ्यांचं काम होतं. त्याच जिल्ह्यातल्या माणसांना वर्षातून एक सकाळ वाफ्यासाठी देता येईल, असं मी ठामपणे मानतो. आखाजीनंतरचा एखादा रविवार ठरवून टाका.

बाकीच्या तक्रारी पटापट घेतो. वाफा कोरडा आणि पार्किंगमध्ये तळं, असं असेल तर तोंडाशी गाळाचा उंबरा तयार झालाय. तिथली पातळी पार्किंगपेक्षा दोन इंच खाली करून गोट्यांचं पिचिंग करा. आच्छादन तरंगून सांडव्याच्या जाळीवर अडकत असेल तर सुका पाला किंवा भुसा वापरू नका. पऱ्हाट्या यंत्रातून बारीक करून दोन-अडीच इंच पसरा, त्याचे तुकडे एकमेकांत अडकून जागेवर राहतात. मात्र बोंडं लागलेल्या पऱ्हाट्या आणू नका, त्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि जवळच्या कपाशीवर जाते. उन्हाळ्यात झाडं मरत असतील तर निवड चुकली आहे. कर्दळीला मे महिना झेपत नाही. वाळा, निर्गुंडी, अडुळसा टिकतात. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात आठवड्याला एकदा भरपूर पाणी द्या. हे फक्त शोभेसाठी नाही, जिवंत मुळं मिश्रण मोकळं ठेवतात. मेलेल्या वाफ्यात गाजरगवत शिरतं, त्याला फुलं येण्याआधी उपटा.

पूर्ण उकरायची वेळ कधी? नळी कोरडी आहे, वरचे तीन-चार इंच बदलले, तरी मोजणीत पाणी सेंटिमीटरभरही उतरत नाही, आणि खोलवर कापलेल्या तुकड्यात तळापर्यंत काळं चिकट मिश्रण दिसतंय, तेव्हा. किंवा मध्ये कापड निघालं तेव्हा. ते काम दिवाळीनंतर ते मेपर्यंत करा. ठेकेदाराला लिहून द्या की यंत्र वाफ्याबाहेर उभं राहील, भराव फूट-फूट थरांत पडेल आणि त्यावर रोलर किंवा धुम्मस चालणार नाही. प्रत्येक थरावर पाणी मारून तो आपोआप बसू द्यायचा. मिश्रण पहिल्या पावसाळ्यात आणखी खाली बसतं, म्हणून भराव ठरलेल्या पातळीपेक्षा दोन इंच वर ठेवून घ्या आणि बिलाची शेवटची रक्कम, पहिल्या मोठ्या पावसानंतर नळीत काठी टाकून बघेपर्यंत, देऊ नका.